बॅरलमधली रेघ

बाबा, परवा लिंडनरांकडे जाऊन आले. तुम्ही गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण, मीच ना. तेरावं आटोपून आम्ही पुण्याहून इंगोलश्टाटला परतलो, अमोल दुसऱ्याच दिवशी प्लांटवर गेला, सईची शाळा सुरू झाली, आणि मी रोज सकाळी ठरवायचे की आज फोन करू. फोन काही केला नाही. मग गुरुवार आला, तुमचा त्यांच्याकडे जायचा वार. माझं होमऑफिस होतं. दुपारची मीटिंग रद्द केली आणि गाडी काढली.

तिथे काय झालं ते सांगायचंच आहे. पण त्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगायला मला तुमच्या हयातीत नऊ महिने मिळाले होते.

पुण्यात दहाव्याला सगळे तुमच्या नोकरीबद्दल बोलले. ऑर्डनन्समधली चौतीस वर्षं, बॅरल शॉप, तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तुम्ही होतात ते आपल्या घरामागच्या पार्किंगमध्ये, शनिवारच्या फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या वस्तूंच्या बाजारात, उभे. आई गेल्यानंतरचा तुमचा तो पहिलाच मुक्काम. व्हिसा तीन महिन्यांचा, आणि तीन महिने ह्या माणसाला घरात काय करायला द्यायचं ह्या काळजीत मी, तुमची सून. तुम्ही सगळ्या खोक्यांच्या घड्या घालून झाल्या होत्या, कचऱ्याचे चार डबे पाठ झाले होते, रेडिएटरवर टिचक्या मारून कुठल्या खोलीत हवा अडकलीय ते सांगून झालं होतं.

त्या बाजारात एका टेबलावर जुन्या कानशी आणि मापाची हत्यारं मांडलेली होती, आणि बंदुकीच्या बॅरलचे हातभर लांबीचे तुकडे. लोक त्याच्या दिव्याच्या दांड्या करतात म्हणे. तुम्ही एक तुकडा उचललात, डोळ्याला लावलात आणि आभाळाकडे बघत हळूहळू फिरवायला लागलात. मला लाज वाटली. लोक बघत होते. टेबलामागचा पांढऱ्या दाढीचा माणूस मात्र उठून उभा राहिला.

"काय दिसतंय त्यांना?" त्याने मला विचारलं.

"सांग त्याला, मध्यावर वाकडी आहे. केसभर. डावीकडे," तुम्ही म्हणालात.

मी सांगितलं. तो माणूस इतका हसला की शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. "म्हणूनच तर दिव्यासाठी विकतोय!" तो म्हणाला, आणि हात पुढे केला. ते लिंडनर. मोठ्या शिकारी रायफली ऑर्डरप्रमाणे घडवून देणारे. इथे ह्या कारागिराला ब्युक्सनमाखर म्हणतात. वर्कशॉप आपल्यापासून वीस मिनिटांवरच्या खेड्यात.

तिथून गुरुवार सुरू झाले. कायद्याने तुम्हाला तिथे काम करता येत नव्हतं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. बसायचं, बघायचं, बोलायचं. तुम्हाला तेवढं पुष्कळ होतं. तुम्ही त्यांना लिंडणकर म्हणायचात. मी तुम्हाला बाबा म्हणते ते ऐकून ते तुम्हाला हेर बाबा, म्हणजे श्रीयुत बाबा, म्हणायला लागले. सईच्या जुन्या वहीत तुम्ही जर्मन शब्द लिहून घेतलेत. लाउफ म्हणजे बॅरल. लागर म्हणजे चेंबर. श्टाल म्हणजे पोलाद. गूट म्हणजे चांगलं, निश्त गूट म्हणजे वाईट. सई तुमचे उच्चार सुधारायची आणि तुम्ही तिला मराठीत उत्तर द्यायला लावायचात. ती जर्मनमध्येच द्यायची.

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायचे आणि मध्येमध्ये दुभाषीपण करायचे. ह्या घरात ते काम माझंच आहे. अमोलचं ऑफिस इंग्रजीत चालतं आणि त्याचं जर्मन बेकरीच्या पुढे जात नाही. परदेशी लोकांचं ऑफिस, विमा, सईच्या शिक्षिका, सगळीकडे मी. आणि बाबा, मी नेहमीच थोडं मऊ करून सांगते. डॉक्टरांकडे तुम्ही म्हणालात, "एवढं शिकून ह्याला साधी नाडी बघता येत नाही?" मी डॉक्टरांना सांगितलं, तुम्ही विचारताय की रक्तदाब पुन्हा कधी तपासायचा. सगळं सुरळीत झालं. घरी येऊन अमोलला सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मला ते माझं कसब वाटायचं.

म्युनिककडच्या एका दातांच्या डॉक्टरने लिंडनरांना ऑर्डर दिली होती. त्याला आफ्रिकेत रानरेड्यांच्या शिकारीला जायचं होतं. काडतूस अंगठ्याएवढं जाड, आणि रायफल मात्र हलकी हवी, उन्हात खांद्यावर वागवायला. तुम्ही त्या रायफलीने झपाटल्यासारखे झालात. जेवताना बॅरलची लांबी. अमोल गाडी लावतोय तरी बॅरलचं वजन. एकदा परत येताना माझा धीर सुटला.

"बाबा, तुम्ही अंडंसुद्धा खात नाही. तो माणूस हौस म्हणून रेडे मारणार, आणि त्याच्यासाठी तुमचा जीव खालीवर होतोय?"

"मारणारा मारतोच. बॅरल चांगली असेल तर जनावर एकदाच मरतं."

"हे काय उत्तर झालं?"

"कीर्ती, त्या माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावर स्फोट होतो. दर वेळी. तो माणूस धड घरी आला पाहिजे. मी चौतीस वर्षं तेवढंच बघितलं."

"आणि समोरचा?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. तो वाद तिथेच राहिला. माझं मत अजून तेच आहे, सांगून ठेवते.

बॅरल दोन होत्या. एक नवी, मागच्या बाजूला जाड, वजनदार. दुसरी लिंडनरांच्या वडिलांनी ठेवलेली, तेलकट कागदात गुंडाळलेली, तीस वर्षं कपाटात पडून असलेली, बारीक आणि देखणी. त्या डॉक्टरला जुनीच हवी होती. वजनही कमी आणि सांगायला गोष्टही चांगली. तुम्ही मला कागदावर काढून दाखवलंत ते आठवतं. बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसायला खोली कोरतात, ते चेंबर. "मोठं काडतूस, म्हणजे खोली मोठी. खोली मोठी केली की भिंत पातळ. भिंत पातळ करायची तर पोलाद निर्दोष पाहिजे." लिंडनर मान डोलावत होते. मग तुमची दोघांची लांबीवरून जुंपली. तुम्हाला साठ सेंटिमीटर हवे होते, त्यांना पंचावन्न, आणि अर्धा तास दोघं टेबलावर खडूने रेघा मारून एकमेकांच्या पुसत होतात. ते सगळं मी शब्दाला शब्द सांगितलं होतं. ते सांगायला सोपं होतं.

मग तो जूनमधला गुरुवार. दीड वाजून गेला होता आणि दोनला माझी मीटिंग होती, कस्टमरबरोबरची. लिंडनरांनी जुन्या बॅरलचं मागचं टोक लेथवर साफ केलं होतं, आता चेंबर कापायला घेणार होते. त्याआधी ते वडिलांबद्दल बोलले. वडिलांनी हे पोलाद एका खास रायफलीसाठी राखून ठेवलं होतं, ती करायची राहिली आणि ते गेले. बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

तुम्ही ती बॅरल दोरीला टांगलीत. लाकडी हातोडीने हलकेच वाजवलीत, कान जवळ नेलात. पुन्हा वाजवलीत. मग भिंग घेतलंत, साफ केलेलं टोक उजेडात धरलंत, त्यावरून नख फिरवलंत. आणि नेहमीच्याच आवाजात मला म्हणालात:

"त्यांना सांग, ह्यात चेंबर कापू नका. इथे डाव्या बाजूला पोलादात नस आहे, केसासारखी रेघ. भिंत नेमकी तिथेच पातळ होणार. आमच्याकडे चुंबक लावून लोखंडाची पूड टाकून बघायचे, तसं तपासून घ्या म्हणावं. तपासायचं नसेल तर भंगारात टाका. त्यांच्या वडिलांनी तीस वर्षं ही वापरली नाही, त्यांना माहीत असणार."

मी लिंडनरांना सांगितलं, "बाबा म्हणतात, पोलाद सुंदर आहे. त्यांना स्वतःला नवी बॅरल जास्त पसंत पडली असती. वजनामुळे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "एवढंच?"

"जर्मनमध्ये थोडक्यात होतं, बाबा."

तुमचं समाधान झालं नाही. तुम्ही टोकावर बोट ठेवून स्वतःच म्हणालात, "निश्त गूट. लिंडणकर, लागर, निश्त गूट." लिंडनरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले की तुम्ही पुन्हा वजनाबद्दलच बोलताय. ते हसले, तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "हो, हो. हेर बाबांना सगळं जडच आवडतं."

"काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले."

तुम्ही मान हलवलीत. मला दोन वाजायच्या आत घरी पोचायचं होतं.

का केलं, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. मीटिंग होती, हे खरं. नुकताच चष्मा पुसलेल्या माणसाला त्याच्या वडिलांची ठेव भंगारात टाक म्हणून सांगणं माझ्या जिभेवर आलं नाही, हेही खरं. पण त्याच्या खाली आणखी एक आहे, आणि ते मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी खूळ आहे. एवढा मोठा जर्मन कारागीर, त्याला कळत नसेल? चौतीस वर्षांचं तुमचं नख मी एका मिनिटात खोटं ठरवलं.

तीन आठवड्यांनी लिंडनरांच्या मुलीचा फोन आला. रायफल सरकारी तपासणीला पाठवायच्या आधी त्यांनी स्वतः उडवून बघितली होती. पहिली दोन काडतुसं रायफल बांधून, लांबून दोरी ओढून. काही झालं नाही. तिसरं खांद्याला लावून, धक्का कसा बसतो ते बघायला. चेंबरपाशी बॅरल फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. डावा कान गेला. डोळे चष्म्यामुळे वाचले.

तुम्ही जेवायला बसला होतात. मी फोन ठेवून सांगितलं.

"कुठे फाटली?" तुम्ही विचारलंत.

"ते नाही सांगितलं तिने."

"डावीकडे," तुम्ही म्हणालात. भाताचा घास हातातच होता. मग माझ्याकडे बघितलंत. "तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

"हो, बाबा."

"पुडीचं?"

"हो."

"भंगारात टाका, असं म्हणालीस?"

"हो."

सई जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबा, जेवा ना." तुम्ही घास ताटात ठेवलात, हात धुतलेत आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिलात. अमोल माझ्याकडे बघत होता. त्याने पुढे मला काही विचारलं नाही. त्याला अजून काहीच माहीत नाही. हे वाचेल तेव्हाच कळेल.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तुम्ही म्हणालात, "मी त्यांचा हात धरायला हवा होता. लेथ बंद करायला हवी होती. आपण सांगून मोकळे झालो." मी कपाटातून साखर काढत होते. डबा हातात घेऊन किती तरी वेळ पाठमोरी उभी राहिले. तेव्हा सांगता आलं असतं.

मग तुमच्या मनाने दुसरं वळण घेतलं. लिंडनरांचं हॉस्पिटलमधून कार्ड आलं, वेड्यावाकड्या अक्षरात. हेर बाबा, मी घरी आलो की या, चहा आहे. त्या एका ओळीत एवढंच. तुम्ही ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंत. "काय झालं त्याबद्दल काही नाही?" "नाही." तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "आता कुठल्या तोंडाने लिहितील. बरे व्हा म्हणून कळव. बाकी काही लिहू नको."

त्या बिचाऱ्यांना वाटत होतं की तुमच्याही नजरेतून ती रेघ सुटली, आणि म्हणून तुम्ही ओशाळून येत नाही. तुम्हाला वाटत होतं की त्यांनी तुमचा शब्द कस्पटासारखा उडवला. मधे मी होते. दोन्ही भाषा येणारी.

डिसेंबरात तुम्ही पुन्हा आलात, पण गुरुवार आला नि गेला तरी त्यांचं नाव काढलं नाहीत. वही सईच्या कप्प्यात परत ठेवून दिलीत. मी म्हणायचे, बाबा, सोडू का तिकडे? "थंडी फार आहे," म्हणायचात. जानेवारीत एकदा मात्र मला त्या गावाला जाणाऱ्या बसचा नंबर विचारलात. मी लिहून दिला. जॅकेट घातलंत, टोपी घातलीत, दारापाशी बसून बूट चढवलेत. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तुम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलात, आणि मग एकेक करून बुटाच्या नाड्या सोडल्यात. मला म्हणालात, "त्यांना काही माझी गरज नाही." मी म्हणाले, "असं काही नाही, बाबा." चार शब्द. त्याच्या पुढची दोन वाक्यं बोलले असते तर तुम्ही त्या बसमध्ये बसला असतात.

फेब्रुवारीत तुम्हाला म्युनिकच्या विमानतळावर सोडलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तू माझ्यासाठी फार केलंस हां इथे. माझं तोंड झालीस." मी तेव्हा रडले ते तुम्हाला मायेचं रडणं वाटलं. थोडं ते होतंच. मी जर्मनची मोठी परीक्षा नापास झाले तेव्हा घरात कुणाला न सांगता तुम्ही सईच्या पुस्तकातले पाठ माझ्यासमोर अडखळत वाचायला बसला होतात, मला हसू यावं म्हणून. माझ्या माहेरचं कुणी इथे नव्हतं, तुम्ही होतात. हे सगळं मला आठवतं. आठवलं की जास्त त्रास होतो.

तीन आठवड्यांनी पुण्याहून शेजाऱ्यांचा फोन आला. सकाळी दूधवाल्याला दार उघडून दिलंत, खुर्चीत बसलात आणि गेलात.

तर परवा. लिंडनर वर्कशॉपमध्येच होते. लेथवर कापड टाकलेलं. आता ते फक्त लाकडी दस्ते घासून पॉलिश करतात, तेही थोडेच. डाव्या हातात चामड्याचा मोजा. मी दारात दिसल्यावर त्यांनी माझ्या मागे बघितलं, तुम्ही येताय का ते.

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. कधी, कसे, त्रास झाला का, असं विचारलं. मी त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन बसले आणि उत्तरं दिली. मग मी म्हणाले, "मला अजून सांगायचं आहे."

आणि बाबा, मी तुमची ती वाक्यं सांगितली. सगळी. चेंबर कापू नका, डावीकडे नस आहे, पुडीने तपासा, नाहीतर भंगारात टाका, तुमच्या वडिलांना माहीत असणार. काहीही गाळलं नाही. नंतर मी त्या दिवशी काय सांगितलं होतं, तेही सांगितलं.

ते उठले, खालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. फाटलेली बॅरल. केळीचं साल सोलावं तसं पोलाद बाहेर आलेलं.

"त्यांनी बोट कुठे ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. फाटीची सुरुवात तिथेच होती. त्यांनी मोजा घातलेला हात त्या जागेवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"गेनाऊ, बरोबर इथेच," ते अगदी हळू म्हणाले. "ते तेव्हा लागर, निश्त गूट म्हणाले होते. मी ऐकलं होतं. मग मी तुमच्याकडे बघितलं."

"हो."

"मी त्यांना का नाही विचारलं परत? बोट तर ठेवलं होतं." हे ते मला म्हणाले नाहीत, बॅरलला म्हणाले. मग मान वर केली. "तुम्ही सांगितलं नाहीत, हे त्यांना माहीत होतं?"

"नाही. मी सांगितलं असंच त्यांना वाटत होतं. शेवटपर्यंत."

"आल्झो, असं तर," ते म्हणाले. "म्हणजे ते मला असा माणूस समजून गेले, की जो ऐकत नाही."

मी माफी मागितली. जर्मनमध्ये माफीचे शब्द मला चांगले येतात, फॉर्मवर लिहायला शिकलेले. ते ऐकून त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून. "आता तुम्ही जा, फ्राउ कीर्ती. पुन्हा येऊ नका असं म्हणत नाही. पण आज जा."

मी बाहेर गाडीपर्यंत पोचले होते तेव्हा ते दारात आले.

"त्यांच्याशी तुम्ही बोलता का?" त्यांनी विचारलं. "आता, गेल्यानंतर? मी बायकोशी बोलतो. सहा वर्षं झाली."

मी म्हणाले, बोलेन.

"मग त्यांना माझं एक सांगा. पण मी म्हणतो तसंच."

बाबा, लिंडनर म्हणाले: मला सांगितलं असतं तर मी ती बॅरल कापली नसती.